बोट कुणाकडे? (गोपाळ गणेश आगरकरांविषयी थोडंसं)

आगरकर म्हटलं की आमच्या हॉस्टेलवर दहापैकी नऊ जणींना अजित आगरकर आठवतो. लॉर्ड्सवर शतक ठोकणारा! उरलेली एखादी पुण्याची असेल तर तिला आगरकर रस्ता आठवतो. ज्यांच्यावरून त्या रस्त्याला नाव पडलं ते गोपाळ गणेश आगरकर मात्र शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत राहून गेले. थोर समाजसुधारक, ‘सुधारक’ पत्राचे संपादक. एक मार्क. पुढचा प्रश्न.

माझंही वेगळं नव्हतं. मी कॉन्व्हेंटची. आमच्या शाळेत मराठी हा शिकायचा नसून पास व्हायचा विषय होता. त्यामुळे गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आजोबांच्या कपाटातून आगरकरांच्या निबंधांचं पुस्तक काढलं तेव्हा पानापानाला शब्दकोश उघडावा लागला, हे आधीच सांगून टाकते. तरी पुस्तक खाली ठेववेना. कारण आपण ज्या विषयावर रोज भांडतो त्याच विषयावर हा माणूस भांडत होता, आणि आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त किंमत देऊन.

तो विषय तुम्हाला माहीत आहे. मेसमधली आमटी पाण्यासारखी लागली की चर्चा सुरू होते. ती कॉन्ट्रॅक्टरपासून निघते, नगरसेवकावर येते, आमदार-खासदार करत करत दिल्लीला पोचते आणि शेवटी या देशाचं काही खरं नाही यावर सगळ्यांचं एकमत होतं. पुढे मात्र दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते, वरचे लोक चोर आहेत म्हणून सगळं सडलं. दुसरी म्हणते, वरचे काय आभाळातून पडले? आपणच त्यांना निवडून देतो, आपणच सिग्नल तोडतो, आपणच चिरीमिरी देतो. मग कुणाला तरी उद्याचं सबमिशन आठवतं आणि प्रश्न तिथेच राहतो.

आगरकरांच्या आयुष्यात हा प्रश्न दोन्ही बाजूंनी आला. आधी त्यांनी वरच्यांकडे बोट दाखवलं. नंतर ते बोट आपल्याच लोकांकडे वळवलं. दोन्ही वेळेला काय झालं ते बघण्यासारखं आहे.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ चा, साताऱ्यातल्या कराडजवळच्या टेंभू गावचा. (सिव्हिलवाल्यांना टेंभू उपसा सिंचन योजना माहीत असेलच. तेच टेंभू.) त्याच जुलै महिन्यात कंपनी सरकारने विधवांच्या पुनर्विवाहाला परवानगी देणारा कायदा मंजूर केला. योगायोग आहे, पण लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

घरची गरिबी अशी होती की आपल्याला कल्पनाच करता येणार नाही. शाळा कराडला झाली. पुढे शिकायला मिळावं म्हणून हा मुलगा सह्याद्री ओलांडून पायी रत्नागिरीला गेला. तिथे राहण्या-जेवण्याची सोय लागेना म्हणून परत आला. मग कराडलाच कचेरीत उमेदवारी केली, दवाखान्यात कंपाउंडरी केली. शेवटी अकोल्याला नातेवाइकांकडे राहून १८७५ मध्ये मॅट्रिक झाला आणि पुण्याला डेक्कन कॉलेजात आला. कॉलेजात अंगात घालायला एकच सदरा होता. तो रात्री धुवायचा, वाळत घालायचा आणि सकाळी तोच घालून तासाला जायचं. आपल्याकडे लाँड्रीवाला दोन दिवस उशिरा आला की आपण काय गोंधळ घालतो!

अशा मुलाच्या घरच्यांनी कसली वाट बघायची? मुलगा शिकेल, मोठा हुद्दा मिळेल, चार पैसे घरात येतील. त्या काळी पदवीधर इतके थोडे होते की सरकारी नोकरी अगदी हाताशी होती. आजच्या भाषेत सांगायचं तर शंभर टक्के प्लेसमेंट. पण एम.ए. पदरात पडायच्या आधीच या मुलाने आईला पत्र लिहून कळवलं की तुझा मुलगा मोठ्या पगाराच्या नोकरीला लागणार नाही, पोटापुरतं मिळवेल आणि बाकीचा वेळ लोकांसाठी घालवेल. ते पत्र वाचताना त्या माउलीला काय वाटलं असेल हा विचार माझ्या मनातून जात नाही. मी घरी असं सांगितलं तर काय होईल, तेही आलं मनात. असो.

याच कॉलेजात त्यांची आणि बाळ गंगाधर टिळकांची गाठ पडली. म्हणजे महाराष्ट्रातली ही सगळ्यात गाजलेली दोस्ती आणि सगळ्यात गाजलेलं भांडण, दोन्हींची सुरुवात कॉलेजातल्या रात्री जागवून मारलेल्या गप्पांमध्ये झाली. दोघेही १८५६ चेच. देश असा का झाला आणि आपण काय करायचं, हाच गप्पांचा विषय. तेव्हा दोघांना सापडलेलं उत्तर एकच होतं, शिक्षण. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी नोकरी सोडून आलेच होते. १ जानेवारी १८८० ला पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं आणि एम.ए. झाल्यावर आगरकरही तिथे आले. वर्षभराने, जानेवारी १८८१ मध्ये, मराठीत ‘केसरी’ आणि इंग्रजीत ‘मराठा’ अशी दोन पत्रं निघाली. केसरीचे संपादक म्हटलं की आपल्याला टिळकच आठवतात, पण पहिले संपादक आगरकर. १८८७ पर्यंत तेच होते.

आता पहिलं बोट. कोल्हापूर संस्थानचे महाराज, चौथे शिवाजी, वयाने अगदी कोवळे होते. त्यांना वेड लागलंय असं सांगून कोंडून ठेवलं होतं आणि त्यांचा छळ होतोय अशी बातमी सगळीकडे पसरली होती. कारभार दिवाण माधवराव बर्वे यांच्या हातात, आणि त्यांच्या पाठीशी इंग्रज अधिकारी. केसरी आणि मराठा या दोन्ही पत्रांनी दिवाणांवर हल्ला चढवला. पुरावा म्हणून जी पत्रं हाती आली होती ती छापली. दिवाणांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली आणि खटला चालल्यावर ती पत्रं बनावट निघाली! संपादकांनी दिलगिरीही व्यक्त केली, पण जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर दोघांना चार चार महिन्यांची साधी कैद झाली. खटल्याच्या वेळी जामीन राहायला पुढे आले ते रामशेठ उरवणे, आणि त्यांना गळ घातली होती जोतीराव फुल्यांनी. वास्तविक फुल्यांचं या मंडळींशी मुळीच जमत नव्हतं. तरीही त्यांनी मदत केली. ही गोष्ट मला फार आवडली.

मुंबईला डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी १०१ दिवस काढले. आगरकरांनी त्यावर पुस्तकच लिहिलं. छोटी खोली, वाईट जेवण, डास-ढेकूण आणि अखंड गप्पा. (हॉस्टेलवाल्यांना ओळखीचं वाटेल.) २६ ऑक्टोबर १८८२ ला सुटले तेव्हा लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. सत्कार झाले, मिरवणुका निघाल्या. सव्वीस वर्षांचे दोन मास्तर रातोरात हीरो झाले. आणि त्या महाराजांचं काय झालं? २५ डिसेंबर १८८३ ला अहमदनगरच्या किल्ल्यात, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत ते गेले. म्हणजे कागद खोटे होते, पण काहीतरी वाईट चाललंय ही लोकांची शंका काही अगदीच हवेतली नव्हती. वरच्यांनी अन्याय केला नव्हता असं कोण म्हणेल?

म्हणून पहिल्या पार्टीचं म्हणणं चूक आहे असं मी म्हणणार नाही. आगरकरही म्हणाले नसते. पुढेही सरकारला त्यांनी सोडलं नाही. परक्या राज्यात देश गरीब होत चाललाय, शेतकरी कराखाली वाकलाय, यावर ते स्पष्ट लिहीत राहिले. आगरकर म्हणजे इंग्रजांचे भाट असं जे कधीकधी ऐकू येतं, ते त्यांचे निबंध न वाचलेल्यांचं मत आहे.

पण गप्प बसून त्यांना चैन पडणार नव्हतं, आणि बोट वळलं.

झालं काय की, दिवाण आणि साहेब कितीही वाईट असले तरी काही गोष्टी त्यांच्या माथी मारता येत नव्हत्या. आठ वर्षांच्या मुलीला बोहल्यावर कोण चढवतं? इंग्रज नाही. नवरा मेला म्हणून दहा-बारा वर्षांच्या पोरीचे केस काढायला न्हाव्याला निरोप कोण धाडतं? कलेक्टर नाही. तिचे वडील, तिचे सासरे, आणि घरातल्या बायकासुद्धा. मुलगी शिकली तर नवरा मरतो असं कोण सांगतं? शेजारीपाजारी. आता तो १८५६ चा कायदा आठवा. विधवेने लग्न केलं तर ते कायदेशीर आहे असं सरकारने म्हटल्याला तीसेक वर्षं होऊन गेली होती. म्हणजे आगरकर जन्मून, शिकून, संपादक झाले तेवढी वर्षं. एवढ्या काळात अशी लग्नं बोटांवर मोजण्याइतकी झाली, आणि ज्यांनी केली त्यांना वाळीत टाकलं गेलं. कायदा होता, शिक्षा करणारं कुणी नव्हतं, तरी लोक करत नव्हते. इथे दोष कुणाच्या नावावर लिहायचा?

यावरून केसरीच्या मंडळींत खटके उडू लागले. टिळकांचं म्हणणं मला जेवढं समजलं तेवढं सांगते, कारण त्यांना उगाच खलनायक करणं बरोबर नाही. समाज सुधारू नये असं त्यांचं म्हणणं नव्हतं. पण आमच्या घरात परक्या सरकारने कायद्याचा बडगा घेऊन शिरू नये, आणि लोकांना दुखावून चार शहाण्यांनी पुढे पळू नये, लोकांना बरोबर घेऊन जावं असं त्यांना वाटे. आधी सत्ता हातात घेऊ, घरातलं नंतर बघू. आगरकरांचं म्हणणं उलटं. जो माणूस घरात, जातीत, पंगतीत न विचारता मान खाली घालतो तो कचेरीतही मान खालीच घालणार. रूढीपुढे का म्हणून विचारायची सवय नसेल तर साहेबापुढे ती कुठून येणार? आमच्या भाषेत बोलायचं तर मटेरियलमध्येच तडे असतील तर वरून कितीही चांगलं डिझाइन करा, लोड आला की जाणारच.

१८८७ मध्ये आगरकरांनी केसरी सोडला. १५ ऑक्टोबर १८८८ ला स्वतःचं ‘सुधारक’ काढलं, मराठी आणि इंग्रजी मजकूर एकाच पत्रात. इंग्रजी बाजू बघायला होते गोपाळ कृष्ण गोखले, तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचे. आणि मग आगरकर सुटलेच! बालविवाह, केशवपन, श्राद्धपक्ष, सोवळंओवळं, अस्पृश्यता, काही सोडलं नाही. बायकांनी जाकीट घालावं इथपर्यंत लिहिलं. मुलगे आणि मुली यांना एकच शिक्षण द्यावं आणि तेही एका वर्गात बसवून द्यावं, असं हा माणूस त्या काळात लिहीत होता. मी मेकॅनिकलला आहे. आमच्या वर्गात साठात सहा मुली. वर्कशॉपमध्ये पहिल्या दिवशी हातात कानस घेतली तेव्हा काही जण बघून हसले, काहींनी मदत केली. या सगळ्यासाठी कुणीतरी कधीतरी शिव्या खाल्ल्यात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

आणि शिव्या म्हणजे नुसत्या शिव्या नाहीत. ज्या पुण्याने १८८२ मध्ये त्यांच्या मिरवणुका काढल्या त्याच पुण्यातल्या सनातनी मंडळींनी त्यांच्या पुतळ्याची तिरडी बांधली आणि प्रेतयात्रा काढली. माणूस जिवंत आहे, घरात बसलाय, आणि दारावरून त्याची अंत्ययात्रा चाललीय. रस्त्यातून जाताना टोमणे, शेण, दगड हे तर होतंच. मला या दोन मिरवणुका शेजारी शेजारी ठेवून बघाव्याशा वाटतात. माणूस तोच. पहिल्या वेळी त्याचा पुरावा खोटा निघाला होता, तरी हार मिळाले. दुसऱ्या वेळी तो जे लिहीत होता ते प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात रोज दिसत होतं, तरी तिरडी मिळाली. फरक एवढाच की पहिल्यांदा बोट दिवाणाकडे होतं, दुसऱ्यांदा आपल्याकडे.

मग आगरकरांचं उत्तर दुसऱ्या पार्टीचंच का? लोकच तसे आहेत, एवढंच? मलाही आधी तसंच वाटलं. पण नीट वाचल्यावर दिसतं की अडाणी माणसावर त्यांचा राग नाहीच. ज्याला कुणी शिकवलंच नाही त्याला काय बोलायचं? त्यांचा खरा राग आहे सुशिक्षितांवर. ज्यांना सगळं कळतं, जे खाजगीत मान हलवतात, क्लबात सुधारणेवर भाषण देतात आणि घरी आल्यावर सोवळं नेसून तेच करतात, अशांवर.

याचा एक किस्सा पुण्यात गाजला होता. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने पुण्यातली बरीच नामांकित मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी घेतली, कुणी नुसता कप हातात धरला. गोपाळराव जोशी (डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान) हे यातले खट्याळ गृहस्थ. त्यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात पोचवली! झालं. ग्रामण्य उठलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, शास्त्र्यांनी चौकशी केली आणि एका कप चहासाठी हायकोर्टाच्या जजच्या तोडीच्या माणसांवर प्रायश्चित्त घ्यायची पाळी आली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनीही शेवटी घेतलं. (मी मिशनच्या शाळेत दहा वर्षं डबा खाल्ला. माझं प्रायश्चित्त कुठल्या काशीला होईल देव जाणे.) ही माणसं भित्री नव्हती. नातेवाईक तुटतील, मुलींची लग्नं अडतील, घरातल्या बायकांचे हाल होतील, ही कारणं खरी होती. पण एवढी मोठी माणसं वाकली तर लहानांनी कुणाकडे बघून उभं राहायचं? आगरकरांच्या लिहिण्यामागे मला सतत हाच प्रश्न दिसतो.

याच १८९० सालात मुंबईत दुसरी एक सभा झाली. कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी जमले आणि विधवांचे केस आपण काढायचे नाहीत असं त्यांनी ठरवलं. पदव्या नव्हत्या, भाषणं येत नव्हती, आणि ज्या कामाचे पैसे मिळत होते तेच काम नाकारायचं होतं. म्हणजे सामान्य माणूस करू शकतो. त्याच्या हातात जे आहे, म्हणजे इथे अक्षरशः वस्तरा, तो खाली ठेवू शकतो.

पुढच्या वर्षी, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला. मुलीचं संमतिवय दहावरून बारा करायचं, बस्स, एवढाच. त्यावर महाराष्ट्र पेटला. टिळक विरोधात, आगरकर बाजूने. लोक आपण होऊन करतील तर उत्तम, पण करत नसतील आणि तोवर लहान मुलींचा जीव जात असेल तर कायदा हवाच, ही आगरकरांची भूमिका. म्हणजे बघा, लोकांना दोष देणारा हाच माणूस सरकारचं कामही सरकारला सोडू देत नव्हता. आपल्याकडे दोन पार्ट्या असतात, पण त्यांच्या डोक्यात दोन्हींचा हिशोब वेगवेगळ्या वहीत होता. एकाची बाकी दुसऱ्याच्या नावावर ढकलायची नाही.

बाकी आयुष्य थोडक्यात सांगते, कारण ते थोडंच होतं. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. दोन्हींच्या उभारणीत ते होते. टिळक १८९० मध्ये सोसायटीतून बाहेर पडले. १८९२ मध्ये वामन शिवराम आपटे वारले (तेच ते संस्कृत डिक्शनरीवाले) आणि आगरकर फर्ग्युसनचे प्रिन्सिपॉल झाले. तोवर दम्याने शरीर पोखरलं होतं. घरी पत्नी यशोदाबाई देवधर्म करणाऱ्या. जगाला बुद्धीने चालायला सांगणाऱ्या या देव न मानणाऱ्या माणसाने बायकोवर मात्र आपली मतं लादली नाहीत. तिचं तिला पटेल तेव्हा पटेल. हेही मला सुधारणेइतकंच मोठं वाटतं.

१७ जून १८९५ ला ते गेले. एकोणचाळीस वर्षं पूर्ण व्हायला महिना बाकी होता. सांगतात की गेल्यावर त्यांच्या उशाशी एक पुरचुंडी सापडली. आपल्या अंत्यविधीचा भार कुणावर पडू नये म्हणून त्यांनी पैसे बाजूला बांधून ठेवले होते. आणि केसरीत त्यांच्यावर मृत्युलेख लिहिताना टिळकांना लवकर शब्द सुचेनात, डोळ्यांतून पाणी येत होतं, असंही सांगतात. डोंगरीच्या खोलीतला जोडीदार होता शेवटी. पुढे टिळक १८९७ आणि १९०८ मध्ये राजद्रोहासाठी पुन्हा तुरुंगात गेले, मंडालेला सहा वर्षं राहिले. वरच्यांशी भांडायची किंमत त्यांनी पुरेपूर दिली. म्हणून कोण बरोबर, टिळक की आगरकर, असा सामना लावण्यात मला रस नाही. एकाने एक आघाडी सांभाळली, दुसऱ्याने दुसरी. वाईट एवढंच वाटतं की पहिल्या आघाडीवर गर्दी जमली आणि दुसऱ्या आघाडीवर एक दमेकरी मास्तर जवळजवळ एकटाच उरला.

ज्या कोल्हापूरवरून हे सगळं सुरू झालं त्या कोल्हापूरचं पुढे काय झालं, तेही सांगण्यासारखं आहे. त्या दुर्दैवी महाराजांच्या गादीवर १८८४ मध्ये दत्तक आले ते राजर्षी शाहू. त्यांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, विधवाविवाहाचा कायदा केला. वर चांगला माणूस असला तर किती होऊ शकतं याचं हे उदाहरण. आणि तरीही, त्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाला मे २०२२ मध्ये ग्रामसभा भरवून ठराव करावा लागला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही. २०२२ मध्ये! शाहूंच्या कायद्याला शंभर वर्षं उलटून गेल्यावर! मात्र या वेळी ठराव कुणी वरून पाठवला नाही, गावाने केला, आणि बाकीच्या गावांनी हे करावं असं परिपत्रक सरकारने मागून काढलं. आगरकरांना हा क्रम नक्की आवडला असता.

आता आपलं. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. प्रत्येक ॲडमिशनला आपण आणि आपले पालक प्रतिज्ञापत्रावर सही करतो. वरच्यांनी आपलं काम केलंय. तरी कुठल्या ना कुठल्या कॉलेजातली बातमी दरवर्षी पेपरात येतेच. ती गोष्ट कुठला मंत्री करत नाही. आम्ही सोसलं, आता तुम्ही सोसा, या एकाच वाक्यावर ती चालते. केशवपनही याच वाक्यावर चालत होतं. आणि त्या वेळी कॉरिडॉरमध्ये उभे असलेले, मनातून न पटलेले, पण कशाला मध्ये पडा म्हणून दार लावून घेणारे जे असतात ना, आगरकर सुधारक काढून बसले होते ते त्यांच्यासाठी. आपण शिकलेले आहोत. आपल्याला कळत नव्हतं ही सबब आपल्याला नाही.

मला विचाराल तर नेत्यांना धारेवर धरलंच पाहिजे. मत द्या, माहितीचा अधिकार वापरा, लिहा, बोला. आगरकर त्यासाठी तुरुंगात गेले होते. पण तेवढ्याने आपला हिशोब मिटत नाही. नेत्यांवर टीका करणाऱ्याला टाळ्या आपण देतोच. आपल्याच हॉस्टेलमधली, आपल्याच घरातली एखादी गोष्ट चूक आहे असं कुणी तोंडावर सांगितलं की त्याचं आपण काय करतो, ते प्रत्येकाने आपापलं बघावं. त्याला एकटं पाडायचं की त्याच्या शेजारी जाऊन उभं राहायचं, हे ठरवायला कुठल्या दिवाणाची परवानगी लागत नाही.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल